डिस्क का दिसत नाही?

व्हर्च्युअल मशीन तयार करायचे, त्याला पन्नास-साठ गिगाबाइटची डिस्क द्यायची, विंडोजची आयएसओ फाइल जोडायची आणि मशीन सुरू करायचे. भाषा, कीबोर्ड, परवान्याच्या अटी हे टप्पे बिनबोभाट पार पडतात आणि डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी येते. होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, फोल्डरमध्ये डिस्कची फाइल जागच्या जागी असते. इन्स्टॉलर मात्र एकही डिस्क सापडली नाही असे सांगतो आणि ड्रायव्हर मागतो. नवशिका माणूस मग डिस्क काढून पुन्हा जोडतो, तिचा आकार बदलतो, आयएसओ पुन्हा डाउनलोड करतो. यातले काहीच लागू पडत नाही, कारण यातले काहीच बिघडलेले नसते. मशीन सांगितल्याप्रमाणे बनलेले असते, डिस्कही धडधाकट असते; फक्त या दोघांची ओळख करून देणारा मधला दुवा जागेवर नसतो. हा दुवा कुणी पुरवायचा, व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपरवायझर बनवणाऱ्याने, ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्याने की इन्स्टॉल करायला बसलेल्या माणसाने, हा वाद व्हर्च्युअल मशीनइतकाच जुना आहे. या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. हा प्रश्न तांत्रिक हुशारीने कायमचा कधीच सुटलेला नाही. जिथे जिथे तो सुटला, तिथे ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ संचातच ठेवण्याची जबाबदारी कुणीतरी स्वीकारली म्हणून सुटला.

हे नीट समजण्यासाठी संगणक सुरू होतानाचे पहिले काही क्षण पाहायला हवेत. डिस्कशी पहिला संवाद ऑपरेटिंग सिस्टीम करत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ते काम बायोसकडे आले, आणि अलीकडच्या यंत्रांत ते यूईएफआय करते. बूटलोडर बायोसकडे अमुक सेक्टर मागतो, बायोस तो वाचून देतो. कंट्रोलर कोणत्या बनावटीचा आहे, हे बूटलोडरला माहीत असण्याचे कारण नसते. याच सोयीवर तो कर्नल आणि सुरुवातीला लागणारे मोजके ड्रायव्हर मेमरीत आणतो आणि कारभार कर्नलच्या हाती देतो. तिथून पुढे बायोसचा आधार संपतो. आधुनिक कर्नल डिस्कपर्यंत स्वतःच्या ड्रायव्हरनेच जाते. तो ड्रायव्हर मेमरीत आधीच आलेला नसेल तर तो डिस्कवरून आणावा लागेल, आणि डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा. कपाटाची किल्ली कपाटातच राहून गेली, तशी ही अडचण. विंडोज अशा वेळी बूटची डिस्क हाती लागत नसल्याचे सांगत निळ्या पडद्यावर '७बी' क्रमांकाची चूक दाखवते. लिनक्स रूट फाइल सिस्टीम जोडता येत नाही म्हणून थांबते. दोन्ही वेळा काही क्षणांपूर्वी त्याच डिस्कवरून कर्नल वाचले गेलेले असते. म्हणजे डिस्क वाचता येते, याचा पुरावा त्या चुकीतच असतो. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये हीच अडचण सौम्य रूपात येते, कारण इन्स्टॉलर आयएसओवरून मेमरीत आलेला असतो आणि थांबून ड्रायव्हर मागू शकतो.

व्हर्च्युअल मशीनचा जन्म आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये झाला. तिथे बदल केलेल्या सिस्टीम ३६० मॉडेल ४० यंत्रावर सीपी-४० ही सिस्टीम १९६७ मध्ये चालू लागली. तिच्यातून सीपी-६७ आली आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम ३७० जाहीर केली. एका मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक वापरकर्त्याला त्याची 'मिनीडिस्क' द्यायची, ही तिथली पद्धत. आतल्या सिस्टीमला मिनीडिस्क म्हणजे ओळखीच्या बनावटीची, फक्त आकाराने लहान डिस्क वाटे. ती नेहमीच्याच आज्ञा देई. नियंत्रण प्रोग्राम त्या मधेच अडवून, पत्ते बदलून खऱ्या डिस्ककडे धाडी. ही शुद्ध नक्कल होती. आतल्या सिस्टीममध्ये एका अक्षराचाही बदल लागत नसे, पण प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करण्यात वेळ जाई. म्हणून तिथेच दुसरी वाटही निघाली. वापरकर्त्याच्या रोजच्या कामाची सीएमएस ही छोटी सिस्टीम 'डायग्नोज' नावाच्या आज्ञेने थेट नियंत्रण प्रोग्रामशी बोलू लागली. आपण खऱ्या यंत्रावर नाही हे तिला ठाऊक होते आणि त्या माहितीचा ती फायदा घेत होती. या सोयीची किंमतही लगेच दिसली: व्हीएम ३७० मधली सीएमएस मोकळ्या, खऱ्या यंत्रावर चालेनाशी झाली. जुन्याची हुबेहूब नक्कल किंवा आतल्या सिस्टीमशी नवा करार, हे दोन्ही पर्याय असे पन्नास वर्षांपूर्वीच समोर आले होते. आयबीएमला मात्र हा वाद जाचला नाही, कारण यंत्र, नियंत्रण प्रोग्राम आणि आतली सिस्टीम या तिन्ही गोष्टी एकाच घरच्या होत्या. ड्रायव्हर कुणी द्यायचा, असे विचारायला दुसरे कुणी नव्हतेच.

पीसीच्या जगात हे एक घर उरले नाही. मदरबोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, कंट्रोलर तिसऱ्याचा आणि ऑपरेटिंग सिस्टीम चौथ्याची. यात आयडीई हा समान धागा ठरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आलेली ही पद्धत पीसी-एटीच्या जुन्या कंट्रोलरशी सुसंगत राहिली, त्यामुळे तिचा साधा ड्रायव्हर प्रत्येक सिस्टीममध्ये आपसूक असे. सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या स्कझी आणि रेड कंट्रोलरांना असे एक समान रूप नव्हते; ज्याचा त्याचा ड्रायव्हर वेगळा. विंडोज एनटीच्या घराण्याने यावर जो तोडगा काढला, तो संगणक जुळवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका पिढीला तोंडपाठ होता. सेटअपच्या अगदी सुरुवातीला पडद्याच्या तळाशी काही सेकंद एक ओळ येई. तेवढ्यात एफ-६ ही की दाबायची आणि मागणी आल्यावर ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. फ्लॉपीवर ठरावीक नावाची एक मजकूर फाइल असावी लागे, आणि एक्सपीपर्यंत ही फ्लॉपी 'ए' ड्राइव्हमध्येच हवी असे. की दाबायला क्षणभर उशीर झाला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. पुढे साटा डिस्कसाठी २००४ मध्ये इंटेलची एएचसीआय पद्धत आली. २००१ च्या एक्सपीला ती माहीत नव्हती, आणि नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह तर निघून चालले होते. अनेकांनी बायोसमध्ये डिस्कला जुन्या आयडीईच्या वेषात ठेवून वेळ मारून नेली, तर काहींनी ड्रायव्हर आत घालून एक्सपीची नवी सीडी बनवली. व्हिस्टात एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच आला, ड्रायव्हर सीडी किंवा यूएसबीवरून देण्याची सोय झाली, आणि हा त्रास बघता बघता इतिहासजमा झाला. त्यासाठी एएचसीआयमध्ये काही बदलावे लागले नाही. ड्रायव्हर मूळ संचात आला, एवढेच पुरे झाले.

व्हीएमवेअरची स्थापना १९९८ ची, आणि तिची वर्कस्टेशन ही पहिली प्रणाली १९९९ मध्ये बाजारात आली. पीसीवर दुसऱ्याची ऑपरेटिंग सिस्टीम, तीही तिच्यात बदल न करता चालवायची, हे तिचे उद्दिष्ट होते. मग नक्कल करण्यावाचून मार्ग नव्हता, आणि नक्कल कुणाची करायची हे गेस्टकडे, म्हणजे आतल्या सिस्टीमकडे, कोणते ड्रायव्हर आहेत यावरून ठरणार होते. त्यामुळे डिस्कसाठी आयडीई, आणि स्कझीसाठी बसलॉजिक कंपनीचा परिचित कंट्रोलर, त्यानंतर एलएसआय लॉजिकचा. हा हिशेब पुष्कळदा जुळला, पण एक्सपीच्या वेळी फसला. एक्सपीत स्कझी डिस्क वापरायची तर व्हीएमवेअरने दिलेल्या ड्रायव्हरची फ्लॉपी इमेज व्हर्च्युअल मशीनला जोडायची आणि एफ-६ दाबायचे. प्रत्यक्षात नसलेल्या यंत्रातल्या, प्रत्यक्षात नसलेल्या ड्राइव्हमध्ये, प्रत्यक्षात नसलेली फ्लॉपी घालण्याचा हा विधी पुढची कित्येक वर्षे चालला. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये एलएसआय लॉजिकचा ड्रायव्हर आधीच होता, तिथे त्याच व्हर्च्युअल कंट्रोलरवर काही करावे लागत नसे. नक्कल दोन्हीकडे तीच, तिच्यातला अचूकपणाही तोच. बदलली ती फक्त इन्स्टॉलेशन सीडीवरची फाइलींची यादी. क्यूईएमयू या मुक्त प्रणालीतही नकलेचा हा पगडा अजून टिकून आहे. तिचे मूळचे 'पीसी' मशीन इंटेलच्या १९९६ च्या ४४० एफएक्स चिपसेटची नक्कल करते. तो चिपसेट बाजारातून कधीच गेला, पण त्याच्या आयडीईचा ड्रायव्हर सर्वांकडे आहे म्हणून तो व्हर्च्युअल जगात जिवंत राहिला.

नकलेचा खर्च कुठे होतो हेही पाहायला हवे, नाहीतर नवा करार करण्याचा खटाटोप अनाठायी वाटेल. आयडीई डिस्कवरून काही वाचायचे असेल तर ड्रायव्हर कंट्रोलरच्या रजिस्टरांत एकेक आकडा लिहितो: किती सेक्टर, पत्त्याचे तुकडे, कोणती डिस्क आणि शेवटी आज्ञा. खऱ्या यंत्रात हे लिखाण स्वस्त असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये अशा प्रत्येक लिखाणाला गेस्टला थांबवून हायपरवायझरला पुढे यावे लागते. एका मागणीसाठी असे अनेक फेरे होतात, आणि डेटाबेससारख्या कामात अशा मागण्या अखंड येत राहतात. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेन या हायपरवायझरने २००३ मध्ये वेगळा मार्ग घेतला. गेस्टमध्ये ड्रायव्हरचा एक अर्धा भाग, होस्टकडे दुसरा, आणि दोघांमध्ये सामायिक मेमरीत फिरती रांग. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्स कर्नलमध्ये आला, आणि २००८ च्या जानेवारीत कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत रस्टी रसेल यांचे व्हर्टआयओ दाखल झाले. व्हर्टआयओत मागण्या सामायिक मेमरीतल्या रांगेत मांडायच्या आणि हायपरवायझरला एकदाच इशारा द्यायचा. प्रत्येक हायपरवायझरने स्वतःचा वेगळा करार करण्याऐवजी सर्वांचा एकच असावा, हा रसेल यांचा आग्रह होता, आणि मला तो त्या कोडइतकाच महत्त्वाचा वाटतो. व्हीएमवेअरनेही २००९ मध्ये व्हीस्फिअर ४ बरोबर पीव्हीस्कझी हा स्वतःचा कंट्रोलर आणला. सीएमएसने सत्तरच्या दशकात घेतलेलीच ही वाट होती. फरक इतकाच की आता हायपरवायझर एका घरचा होता आणि गेस्ट दुसऱ्या घरची.

रिकाम्या यादीचे मूळ इथे आहे. लिनक्सने व्हर्टआयओ आपल्या कर्नलमध्येच घेतले. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीनेही ते स्वीकारले. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या मूळ माध्यमात ते आले नाही, विंडोज ११ मध्येही नाही. त्यामुळे केव्हीएम किंवा त्यावर उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालीवर विंडोज बसवताना 'व्हर्टआयओ-विन' ही ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडावी लागते आणि डिस्कच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तिच्यातला योग्य फोल्डर दाखवावा लागतो. नेहमीच्या चुका इथेच होतात. कंट्रोलर व्हर्टआयओ ब्लॉक असेल तर 'व्हायोस्टॉर' हा ड्रायव्हर लागतो, व्हर्टआयओ स्कझी असेल तर 'व्हायोस्कझी'. एकाच्या जागी दुसरा दिला की यादी रिकामीच राहते. आतमध्ये विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीचा फोल्डर निराळा, आणि त्याच्याही आत 'एएमडी६४' असे नाव दिसते. इंटेलचा प्रोसेसर असलेला माणूस ते पाहून मागे फिरतो, पण ६४ बिटच्या इंटेल प्रोसेसरलाही तोच फोल्डर लागतो. ६४ बिट व्हिस्टापासून कर्नलमध्ये जाणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही असणे बंधनकारक झाले, म्हणून कुठूनतरी मिळालेला ड्रायव्हर चालत नाही. आणि विंडोज ७ सारख्या जुन्या गेस्टला आजची आयएसओ उपयोगाची नाही, तिची जुनी आवृत्ती शोधावी लागते. ही सारी माहिती माणसाने बाळगायची आहे, कारण इन्स्टॉलरने ती बाळगलेली नाही. एफ-६ ची फ्लॉपी गेली आणि तिच्या जागी आयएसओ आली. माध्यम बदलले, पण भार त्याच खांद्यावर राहिला.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की लिनक्सने ड्रायव्हर मूळ संचात घेतला, तरी लिनक्सची व्हर्च्युअल मशीनही एका हायपरवायझरवरून दुसऱ्यावर नेताना अडकतातच. मग मूळ संचात ड्रायव्हर असण्याला एवढे महत्त्व कशाला? आक्षेपातली घटना खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. लिनक्स सुरू होताना कर्नलबरोबर 'इनिटरामएफएस' नावाची एक छोटी फाइल सिस्टीम मेमरीत येते आणि रूट डिस्कचा ड्रायव्हर बहुधा तिच्यात असतो. रेड हॅटच्या घराण्यात ती 'ड्रॅकट' हे साधन बनवते, आणि २०१४ च्या आरएचईएल ७ पासून ते मुळातच त्या एका यंत्रापुरते ड्रायव्हर घेते. व्हीएमवेअरवर बनलेल्या अशा इमेजमध्ये पीव्हीस्कझी असतो, व्हर्टआयओ नसतो. केव्हीएमवर नेल्यावर ती रूट डिस्क शोधत राहते. डेबियनची मूळ मांडणी बहुतेक सगळे ड्रायव्हर आत घेण्याची आहे, म्हणून तिथे हा प्रसंग विरळा. रेड हॅटच्या यंत्रावरही बचावासाठी ठेवलेल्या सर्वसमावेशक इमेजवरून सुरुवात केली की सिस्टीम बहुधा उठते, आणि ड्रॅकट पुन्हा चालवले की कायमची मार्गी लागते. थोडक्यात, लिनक्समध्ये अडचण येते ती ड्रायव्हर संचाबाहेर ठेवला तेव्हा, आणि जाते ती आत घेतला की. नावांचा घोळ हा याच गोष्टीचा धाकटा भाऊ. आयडीईच्या काळात डिस्कचे नाव 'एचडीए' होते, २००७ च्या सुमारास ते 'एसडीए' झाले, व्हर्टआयओत 'व्हीडीए' आणि झेनमध्ये 'एक्सव्हीडीए'. ज्यांनी आपल्या फाइलींत ही नावे थेट लिहिली, त्यांची मशीन अडली. ज्यांनी फाइल सिस्टीमची यूयूआयडी ही स्थिर ओळख लिहिली, त्यांची चालू राहिली.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची कथा या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार देते. २००८ मध्ये आलेल्या या हायपरवायझरची पहिल्या पिढीची मशीन फक्त नकली आयडीईवरूनच बूट होत. गेस्टमधले जुळणीचे ड्रायव्हर जागे झाले की तीच डिस्क ते व्हीएमबस नावाच्या वेगवान मार्गावर घेत. बायोसपुरती नक्कल आणि पुढे करार, असा हा मध्यममार्ग होता. सर्व्हर २०१२ आर२ बरोबर दुसऱ्या पिढीची मशीन आली, त्यांत नकली आयडीई काढून टाकले आणि यूईएफआयने व्हर्च्युअल स्कझीवरूनच बूट करायची सोय झाली. विंडोजच्या नव्या आवृत्त्या तिथे बसवताना कुणाला ड्रायव्हर मागावा लागत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या आहेत आणि तिने आपला ड्रायव्हर आपल्या संचात ठेवला आहे. आणखी बोलकी गोष्ट २००९ च्या जुलैमधली. लिनक्सही हायपर-व्हीवर नीट चालावे म्हणून मायक्रोसॉफ्टने आपले ड्रायव्हर, सुमारे वीस हजार ओळींचे कोड, जीपीएल परवान्याखाली लिनक्स कर्नलला दिले. ते तिथे स्वीकारले गेले, आणि आज कोणतेही प्रमुख लिनक्स हायपर-व्हीवर बसवताना डिस्क दिसते. परस्परविरोधी मानल्या जाणाऱ्या दोन पक्षांतही हे होऊ शकते, तर ते अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढी डोकेफोड कशाला, आयडीई किंवा साटा निवडा आणि मोकळे व्हा. घरी शिकण्यासाठी किंवा एखादा जुना प्रोग्राम चालवण्यासाठी हा सल्ला योग्यच आहे; अडलेले मशीन उठवायलाही तो पहिला उपाय आहे. कंट्रोलर तात्पुरता साटा केला आणि डिस्क दिसली, तर दोष डिस्कमध्ये नसून ड्रायव्हरमध्ये आहे हे लगेच सिद्ध होते. पण ज्या होस्टवर डझनावारी मशीन आहेत, तिथे नकलेच्या प्रत्येक फेऱ्याचा खर्च सगळ्यांच्या वाट्याला येतो. शिवाय तात्पुरता म्हणून ठेवलेला साटा तसाच राहून जातो, आणि मशीन संथ का याचा शोध पुढे भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

तिसरा आक्षेप क्लाउडचा. आता तयार इमेज मिळते, कुणी आयएसओवरून इन्स्टॉल करतच नाही, मग हा प्रश्न उरलाच कुठे? क्लाउडने प्रश्न सोडवला नाही, तो इमेज बनवणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. गूगलच्या क्लाउडमध्ये अनेक प्रकारच्या मशीनना डिस्क व्हर्टआयओ स्कझीने जोडल्या जातात. गूगलच्या विंडोज इमेजमध्ये ड्रायव्हर आधीच घातलेला असतो म्हणून ग्राहकाला तो दिसत नाही. आपली स्वतःची इमेज तिथे नेणाऱ्याला तो दिसतोच. ॲमेझॉनची ईसी२ सेवा झेनवर सुरू झाली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सी५ या प्रकारापासून नायट्रो या नव्या पायावर जाऊ लागली. तिथे डिस्क एनव्हीएमई म्हणून समोर येते. जुन्या प्रकारावरचे मशीन एनव्हीएमईचा ड्रायव्हर आधी न घालता नव्या प्रकारावर नेले, तर ते बूट होत नाही. दहा वर्षांत कधीही फ्लॉपी न पाहिलेल्या अभियंत्याला एक्सपीच्या काळातलाच प्रसंग भेटतो.

ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर विकत घेतल्यावर परवान्यांची रचना बदलली आणि अनेक संस्था आपली मशीन केव्हीएम, प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्हीवर नेऊ लागल्या. त्यामुळे '७बी'ची निळी पाटी पुन्हा रोजच्या कामात आली. इन्स्टॉल केलेल्या विंडोजमध्ये ही अडचण अधिक खोल असते, कारण ड्रायव्हरची फाइल डिस्कवर असणे पुरत नाही. तो बूटच्या पहिल्या टप्प्यात सुरू व्हावा अशी नोंद रजिस्ट्रीत असावी लागते. यावरचा रूढ उपाय साधा आणि खात्रीचा आहे. मुख्य डिस्क साटावरच ठेवून मशीन सुरू करायचे, व्हर्टआयओची एक छोटी दुसरी डिस्क जोडायची, विंडोजला तिचा ड्रायव्हर बसवू द्यायचा, मग मशीन बंद करून मुख्य डिस्क त्याच कंट्रोलरवर न्यायची. त्या छोट्या डिस्कवर काहीही ठेवायचे नसते. विंडोजला नव्या कंट्रोलरची ओळख करून देणे एवढेच तिचे काम. लिनक्स जगातले 'व्हर्ट-व्ही२व्ही' हे साधन हीच गोष्ट बंद मशीनच्या डिस्कमध्ये शिरून करते: ड्रायव्हर आत ठेवते आणि रजिस्ट्रीत नोंद घालते. या साऱ्या उपायांची दिशा एकच आहे. मशीन हलवण्याआधी ड्रायव्हर आत पोचवा.

मग यापुढे काय? नक्कल आणि करार यांतले अंतर आता मिटत चालले आहे, आणि ते मिटवले खऱ्या हार्डवेअरने. २०११ मध्ये एनव्हीएमईचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. वेगवान एसएसडीसाठी बनवलेल्या या पद्धतीत मागण्या मेमरीतल्या रांगांत ठेवायच्या आणि कंट्रोलरला एक इशारा द्यायचा असतो. व्हर्टआयओची मांडणी याहून फार वेगळी नाही. रजिस्टरांत एकेक आकडा लिहिण्याचा जुना खर्च खऱ्या डिस्कलाही परवडेनासा झाला, तेव्हा खरी डिस्कच व्हर्च्युअल डिस्कसारखी बोलू लागली. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून एनव्हीएमईचा ड्रायव्हर मूळ संचात आहे, आणि व्हीएमवेअरने २०१६ च्या व्हीस्फिअर ६.५ पासून नकली एनव्हीएमई कंट्रोलर दिला. क्यूईएमयूतही तो आहे. नक्कल असूनही पुष्कळसा वेगवान, आणि नवा असूनही सर्वांना परिचित, असा पर्याय पहिल्यांदाच हाती आला. व्हर्टआयओही २०१६ मध्ये ओएसिस या संस्थेचे खुले प्रमाण झाले. कुणा एका कंपनीच्या मर्जीवर ते आता अवलंबून नाही, त्यामुळे ते न स्वीकारण्याचे एक कारण तरी कमी झाले.

अर्थात, प्रमाण ठरले म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे. २०२० नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी या इंटेलच्या मधल्या थरामागे असते, आणि मूळ माध्यमावरून विंडोज बसवताना तिथेही यादी रिकामी येऊ शकते. डिस्क प्रमाणित एनव्हीएमई, विंडोजकडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर, आणि तरीही मधल्या थराचा ड्रायव्हर नसल्याने दोघांची भेट नाही. यात व्हर्च्युअल असे काहीच नाही. म्हणून या अडचणीचे खापर व्हर्च्युअलायझेशनवर फोडणे चुकीचे आहे. नवे काही मधे आणायचे आणि त्याची ओळख करून देण्याचे काम शेवटच्या माणसावर टाकायचे, ही या धंद्याची जुनी सवय आहे.

साठ वर्षांचा हा पुरावा एकाच बाजूला झुकतो. जिथे ड्रायव्हर सिस्टीमबरोबर गेला, तिथे डिस्क दिसली: एकाच घरच्या आयबीएममध्ये, एएचसीआय जाणणाऱ्या व्हिस्टात, व्हर्टआयओ स्वीकारणाऱ्या लिनक्समध्ये, मायक्रोसॉफ्टचे कोड घेणाऱ्या लिनक्समध्येही. जिथे तो वेगळा ठेवला, तिथे फ्लॉपी, सीडी आणि आयएसओ यांची मालिका चालू राहिली. व्हर्टआयओ खुले प्रमाण आहे, रेड हॅटचे विंडोज ड्रायव्हर सहीसह उपलब्ध आहेत, आणि जगातली कितीतरी विंडोज मशीन आज त्यांच्यावर चालतात; ते विंडोजच्या मूळ माध्यमात यायला हवेत. ते येईपर्यंत, मशीन हाताळणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी पाळाव्यात. गेस्टकडे कोणता ड्रायव्हर आहे हे पाहूनच कंट्रोलर निवडावा. मशीन हलवण्यापूर्वी नव्या जागेचा ड्रायव्हर आत बसवून एकदा बूट करून पाहावे. आणि कोणत्या गेस्टला कोणता कंट्रोलर व कोणती ड्रायव्हर आयएसओ वापरली, हे मशीनच्या नोंदीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला रिकाम्या यादीसमोर निरोगी डिस्क तपासत बसावे लागणार नाही.